दोन चमचे पावडर

चंद्राबाईनं डब्याचं झाकण उघडलं, दोन चमचे पावडर पाण्यात कालवली आणि स्वतःच पिऊन टाकली. घरात कोणी नव्हतं. सून ज्योती नातीला घेऊन ओढ्यावर गेली होती.

नात समीक्षा सात वर्षांची. बोलत नसे, नजरेला नजर देत नसे. भांडं पडलं तरी कान दाबून ओरडत राही. महाडच्या डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलं होतं. महिन्यापूर्वी पोलादपूरच्या बाजारात ज्योतीला एक माणूस भेटला. नुसती जीवनसत्त्वं आहेत, मेंदूचं खाणं आहे, असं सांगून त्यानं हा डबा दिला. आठवड्यात पोर शांत झाली. सगळी वाडी ज्योतीला नशीबवान म्हणू लागली.

चंद्राबाईला मात्र ती शांतता पटेना. जन्म शेळ्या राखण्यात गेलेला. निवांत बसलेलं जनावर कुठलं आणि गळाठलेलं कुठलं, हे तिला लांबूनही कळे.

पावडर पिऊन ती शेळ्यांमागे माळावर गेली, जांभळीखाली जरा टेकली, आणि जागी झाली तेव्हा उन्हं उतरली होती. शेळ्या वाडीतल्या रावजीच्या नाचणीच्या शेतात शिरल्या होत्या. रावजी बोलला ते तिनं खाली मान घालून ऐकलं. एवढ्या वयात ती दिवसा कधी झोपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पदराखाली डबा धरून तिनं पोलादपूरचा सरकारी दवाखाना गाठला आणि माळावरची झोप सांगितली. ऑटिझमसाठी अशा जीवनसत्त्वांवर अभ्यास चालू आहेत, पण ठाम काही हाती नाही, असं डॉक्टर म्हणाले. या डब्यावर तर आत काय आहे हेही लिहिलेलं नव्हतं.

"आजी, यात गुंगीचं औषध असावं असा मला संशय आहे. मुलीला आजच घेऊन या."

घरी येऊन तिनं ज्योतीला सगळं सांगितलं. चार शब्द सुनवायचेही तिच्या मनात होते.

"मलापन संशय व्हता, आत्या," ज्योती म्हणाली. "पन ती माज्या मांडीवर डोकं ठेवून निजायला लागली व्हती. सात वर्सांत पयल्यांदा."

चंद्राबाईनं नातीच्या चपला शोधून आणल्या. तिघी लगेच निघाल्या.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पावडर बंद झाली. पंधरा दिवसांत समीक्षा पुन्हा पहिल्यासारखी ओरडू लागली, पळू लागली. एका दुपारी जेवायला घोंगडीवर बसताना ज्योतीनं तिच्या केसांवर हात ठेवला, तो तिनं झटकला. ज्योतीनं हात मागे घेतला, तिच्यापुढे भाकरी ठेवली आणि स्वतः घोंगडीच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसली. मधली हातभर जागा तिनं मोकळी ठेवली.