ताटलीतलं पाणी

सकाळी साडेसहाला कढीपत्त्याची आणखी एक काडी गळाली. दोन्ही बाजूंची पानं पिवळी, मधला देठ अजून हिरवा. क्रांतीनं ती कुंडीखालच्या ताटलीतून उचलली, एक पान चुरगाळून वास घेतला. वास होता, अगदी जुना... आणि मग रोजच्यासारखा भरलेला तांब्या तिनं बुंध्याशी ओतला, कारण तव्यावर चपाती होती, आठला कुपवाडच्या कारखान्यात पोचायचं होतं, आणि झाडासाठी तिच्याजवळ दिवसाकाठी एवढाच एक तांब्याभर वेळ होता.

सांगलीतल्या या दुसऱ्या मजल्यावरची बाकीची झाडं विचार करून आणलेली. कोरफड, मनीप्लांट, सदाफुली. दोघंही नोकरीवर, त्यात तिच्या नवऱ्याला, यशराजला, इस्लामपूरच्या साखर कारखान्यात रात्रपाळी. विसरलं तरी तगतील अशीच. कढीपत्ता तेवढा आटपाडीकडचा, माहेरच्या अंगणातला. आई गेली, वर्षभरात रस्ता रुंद झाला आणि अंगण त्यात गेलं. त्याआधी वडिलांनी, आप्पासोंनी, मुळापासचा एक फुटवा काढून तेलाच्या डब्यात लावला आणि एस.टी.तून मांडीवर धरून आणून दिला. मूळ झाड आता डांबराखाली. आहे ते एवढंच.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत आप्पांचाच फोन आला.

"उद्या येतुय. डोळं दाखवायचं हायती. आईचं झाड कसं हाय?"

"बरं हाय की."

"बरं म्हंजी?"

"पानं गळत्यात आप्पा... पण पाणी रोज घालते, एक दिवस चुकत न्हाई."



"रोज? लय लाड झालं गं. बोट घालून बघ मातीत. तहानलंय का बुडालंय, ते बोटाला कळतं."

फोन ठेवून ती हात धुवायला बेसिनपाशी गेली. नळाचं पाणी बोटांवरून निसटून जाळीत जात होतं, आणि नेहमीसारखं तिला क्षणभर चोरी केल्यासारखं वाटलं — इतकी वर्षं झाली तरी. माहेरी, त्या दुष्काळी मुलखात, हात धुतलेलं पाणी मोकळं सुटतच नसे. पाहुण्याला कढीपत्त्याच्या आळ्याशी उभं करायचं आणि त्याच्या हातांवर धार धरायची; ते काम क्रांतीचं, परकर पोटऱ्यांवर असल्यापासूनचं. "दगडावर वतू नगासा," आई आतून ओरडायची, "दगड पिकणार हाय व्हय?" यशराज बघायला आला त्या दिवशी त्यानं तांब्या स्वतःच घेतला आणि पायरीवर उभं राहून खळाखळा चुळा भरत सगळा रिकामा केला. आई दारातूनच म्हणाली, "कृष्णाकाठचं पावनं हायती. त्यांच्याकडं पायऱ्यासुदिक पिकत असतील." सगळे सोयरे हसले होते. यशराजचे कान लाल झाले होते... तिला तो तिथंच आवडला, त्या लाल कानांवरून.

आणि उन्हाळ्यात, आठ-आठ दिवस कुणी पाहुणा फिरकत नसे तेव्हा? तेव्हा त्या झाडाला पाणी कोण घालत होतं? तिनं आठवून पाहिलं. आठवलं ते एवढंच, की आमटीला पान कधी कमी पडलं नाही.

संध्याकाळी ती लवकर सुटली. दार उघडलं तर यशराज गॅलरीत, अंगात पाळीचा गणवेश, हातात मग; कुंडीत पाणी ओतत होता.

"हे काय?"

"पाणी. रोज घालतो की निघताना."

"मी सकाळी घालते!"

"तू घाईत असतेस, राहत असेल म्हणून..." तो ओशाळला. "एकदा पायरीवरनं बोलणी खाल्लीत तुझ्या आईची. झाड वाळलं असतं तर वरनं बोलल्या असत्या."

ती हसली. मग दोघांचंही लक्ष ताटलीकडे गेलं. काठोकाठ भरलेली, वर एक पिवळं पान तरंगत होतं.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता काही करायचं नाही."

ताटली रिकामी करून त्यानं ती पालथी ठेवली आणि तो पाळीला गेला. क्रांती स्वयंपाकाला लागली. मध्येच कधीतरी तांब्या भरला गेला — हाताला सवय — आणि ती तो घेऊन गॅलरीत येऊन उभी राहिली. ओतायचा नाही, हे कळत होतं. परत न्यायलाही पाय उचलेना. झाडाच्या नावानं आईलाच घाईघाईत दोन घोट पाणी पाजून निघून यायचं असं काहीतरी चाललं होतं का इतके दिवस... आई असती तर यावर काय बोलली असती? आवाज अगदी जवळ आला. शब्द मात्र येईनात.

तिनं तांब्या कठड्यावर ठेवला. वरच्या फांदीवर नख मारलं, कोरडं, तपकिरी. बुंध्याशी मारलं तर सालीखाली हिरवी रेघ दिसली, केसाएवढी. ती रेघ वर कुठपर्यंत जाते, हे तिनं पाहिलं नाही. उद्या आप्पा पाहतील.

बोट मातीत घातलं. माती अजून ओलीच होती.