साक्षीच्या खुर्चीचा जळफळाट

माझी पाठ सरळ आहे, बैठक कडक आहे आणि मागच्या डाव्या पायाचा खिळा ढिला झाला आहे. मित्रांनो, मी चर्चच्या सभागृहातली जुनी, लोखंडी, घडीची खुर्ची आहे. पाठीवर पांढऱ्या रंगात चर्चचे नाव होते, ते माणसांच्या पाठी घासून घासून पुसून गेले. मी आज बोलते आहे ती मत्सराच्या पोटी. खोटे कशाला सांगू? देवाच्या घरात राहूनही मी जळते, आणि चांगली जळते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याला घाव बसले, नळ्या वाकवल्या गेल्या, आणि मी माझ्या बहिणींच्या चळतीत रचली गेले. ट्रकमधून आम्ही अलाबामातल्या या लहानशा कॉलेजगावी आलो. इथे मी लग्ने पाहिली, मयती पाहिल्या. पण माझे खरे भाग्य उजळले ते प्रवचनाच्या वेळी. बाके भरली की मला ऑर्गनशेजारी मांडत. पाळक एझ्राबाबा आधी अंगणात गप्पा मारल्यासारखे बोलू लागत. मग हळूच त्यांच्या बोलण्याला सूर फुटे. ऑर्गन तो सूर शोधत मागोमाग येई. लोक म्हणत, "हं, सांगा बाबा, सांगा!" बोलता बोलता बाबा गाऊ लागत, माझ्यावरचे माणूस हात वर करून उभे राही, आणि मी रिकामी, थरथरत राही. लोखंडाला रडू येत नाही म्हणून बरे. नाहीतर मी तिथेच गंजले असते.

आमच्याकडे साक्ष देण्याची रीत आहे. ज्याच्या मनात काही दाटले असेल त्याने समोर बसून सांगायचे; मध्ये कोणी बोलायचे नाही. त्या साक्षीची खुर्ची मीच होते.

आता तुम्ही म्हणाल, यात फुटबॉल कुठून आला? अहो, या गावात फुटबॉल कशात नाही? हा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचे किंवा दूर फेकायचा, आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन अडवायचे. आमच्या कॉलेजच्या संघाचे नाव बगळे. शनिवारी सामना, रविवारी प्रवचन, आणि प्रवचनानंतर मागच्या अंगणात तळलेला मासा, मक्याचा पाव, गोड थंड चहा आणि सामन्याची चिरफाड. बगळे हरले असतील तर चिरफाडीचे भांडण होई.

अशाच एका भांडणात मदर अल्वर्टांनी मला अंगणात आणून आपटले. त्या आमच्या चर्चमधल्या सर्वांत वडीलधाऱ्या. पाळकबाबाही त्यांना वचकून असतात. त्या म्हणाल्या, "आत साक्ष देताना एकमेकांचं बोलणं तोडत नाही, मग इथंच का कोंबड्यांसारखं कलकलताय? या खुर्चीत बसेल त्यानं बोलायचं. आणि उठायच्या आधी संघाबद्दल एक तरी चांगली आणि खरी गोष्ट सांगायची. सांगितली नाही, तर बसून राहायचं."

तेव्हापासून ती रीतच पडली. आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणतात. न्हाव्याचे दुकान चालवणारे ब्रदर रॅन्सम एकदा मोठ्या पराभवानंतर बसले होते. बिचाऱ्यांना काही सुचेना. शेवटी म्हणाले, "आपल्या बँडवाल्यांचे बूट काय चकाकत होते!" मदर म्हणाल्या, "बँड म्हणजे संघ नव्हे. बस तसाच." माझी बैठक अशी की हाडाला टोचते. तिने भल्याभल्यांच्या तोंडून चांगले शब्द काढले. तेव्हा माझे कौतुक होत असे. "हारलो तरी ही खुर्ची आपल्याला माणसांत ठेवते," असे पाळकबाबा म्हणत. ते ऐकून माझा ढिला खिळासुद्धा घट्ट झाल्यासारखा वाटे.

आणि मग, मित्रांनो, ती आली.

या हंगामाच्या सुरुवातीला ब्रदर क्लिओफस तिला घेऊन आले. निळीशार, जाड गादीची, पाठीवर बगळा भरलेली. हाताला चहाच्या पेल्यासाठी खिसा, खाली बर्फाची पिशवी, आणि डोक्यावर छत! मी जन्मभर उन्हात तापले, बसणाऱ्यांना चटके दिले, शिव्या खाल्ल्या. आणि या बाईसाहेबांना छत! माझ्यावर पेला ठेवला तर घसरून पडतो. तिच्या खिशात तो तान्ह्या बाळासारखा बसे. प्रवचनातले एक अक्षर तिने ऐकलेले नव्हते. पण जो तो म्हणे, "जरा मी बसून बघू?" मला घडी घालून सभागृहाच्या दारामागे, ओल्या फडक्यांच्या शेजारी उभे केले. दाराच्या फटीतून मला अंगण दिसे, आणि अंगणात ती. तिच्यावर पावसाचा एकदा तरी मारा व्हावा, तिच्या गादीत मुंग्यांनी वारूळ करावे, असे मी मनोमन मागत असे. देवाने ऐकले नाही. तो असल्या प्रार्थना ऐकत नसावा.

परवाचा सामना आम्ही जिंकत आलेला हरलो. शेवटच्या क्षणी समोरच्यांनी लांब फेक केली, चेंडू आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि त्यांच्या गड्याने तो झेलून रेषेपार नेला. बचावातला अगदी मागचा राखणदार होता लव्हॉन, सिस्टर ओडेसाचा मुलगा. आणि सिस्टर ओडेसा म्हणजे दर रविवारी आमच्यासाठी मासे तळणारी बाई. दुसऱ्या दिवशी, रविवारीही ती कढईपाशी उभी होती. लव्हॉन मात्र आला नव्हता.

क्लिओफस गादीवालीत जाऊन बसले आणि सुरू झाले.

"बचाव म्हणतात याला? म्हशीनं ढोसलेलं कुंपणसुद्धा यापेक्षा जास्त टिकतं!"

"बगळेच ते, ब्रदर," रॅन्सम म्हणाले. "एका पायावर उभे. शेजारून मासा गेला तरी डोळे मिटलेले."

सगळे हसले. कढईत मासा चुरचुरला, पण ओडेसा हसली नाही.

"समोरच्यांना तिसऱ्या खेपेला पुढं सरकायला हातभर जागा हवी असते," क्लिओफस म्हणाले, "आणि हे त्यांना अख्खं अंगण देतात!"

"पुढची पोरं थकतात हो," रॅन्सम म्हणाले. "बदली गडीच नाहीत. त्या प्रशिक्षकाला विचारा, माझ्या दुकानात केस कापून होईपर्यंत तो हेच रडगाणं गातो."

"पुढच्यांचं सोडा. मागं काय होतं? चेंडू डोक्यावरून गेला तेव्हा तो लव्हॉन कुठं होता? परगावी?"

कोणी पावाकडे पाहिले, कोणी बुटांकडे. मित्रांनो, क्लिओफस माझ्यावर बसलेले असते तर एव्हाना पाठीचा दांडा टोचला असता आणि त्यांना चांगला शब्द शोधावा लागला असता. पण त्या गादीत ते आणखी खाली रुतले. पाय पसरले. चहा हाताशी, सावली डोक्यावर. असल्या जागेवरून कोण कशाला उठेल?

"मी आधीपासून म्हणतोय," ते म्हणाले, "तो पोरगा त्या जागेचा नव्हेच."

"मग कोण हो त्या जागेचा?" रॅन्समच्या तोंडून निघून गेले, आणि त्यांनी लगेच जीभ चावली.

कारण सगळ्यांना माहीत होते. क्लिओफसचा मार्लिन आणि ओडेसाचा लव्हॉन एकाच दिवशी, एकाच जागेसाठी निवडीला गेले होते. नाव लव्हॉनचे पुकारले गेले. मार्लिन आता लाकडाच्या वखारीत काम करतो आणि शनिवारी मैदानाच्या वाटेलाही जात नाही.

क्लिओफसचा चेहरा तांबारला. "त्याची खेळाची शिष्यवृत्ती काढून घ्यावी. फुकटच्या पैशावर दुसऱ्यांची जागा अडवतात!"

ओडेसाने शेगडी बंद केली. कमरेला बांधलेला कपडा सोडला, त्याची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"मासे झालेत," ती म्हणाली. "पुढच्या रविवारपासून दुसऱ्या कोणी तरी तळा. आम्ही गावाबाहेरच्या चर्चला जाऊ."

"अहो सिस्टर, असं काय करता..." रॅन्सम पुढे झाले.

"माझं पोर कालपासून जेवलेलं नाही, ब्रदर. सकाळी मी त्याला म्हणाले, चल, आपलीच माणसं आहेत. बरं झालं, आला नाही."

ती पिशवी उचलणार, तोच काठीचा आवाज जवळ आला. मदर अल्वर्टांनी दार उघडून मला फडक्यांतून ओढले. मी खडखडत अंगणात उभी राहिले.

"क्लिओफस, त्या पाळण्यातून बाहेर ये. इथं बस."

"मदर, ही मोडकी..."

"मोडकी तर मोडकी. साक्ष हिच्यावर होते. आणि ओडेसा, तू घटकाभर थांब. मग जायचं तर जा, मी अडवणार नाही."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी गादीवालीकडे असे पाहिले की तिचे छत झुकायला हवे होते.

क्लिओफस बसले. मदर म्हणाल्या, "आता लव्हॉनबद्दल एक चांगलं सांग, आणि ऊठ."

"नियम संघाबद्दल आहे, मदर."

"लव्हॉन काय मंगळावर खेळतो?"

"बरं. पोरगा... वेळेवर येतो."

"तसा माझा दूधवालाही येत होता. खेळातलं सांग."

"उडी चांगली मारतो."

"ते तर तो शाळेत असल्यापासून आपण बघतोय. कालचं सांग."

मित्रांनो, मी आयुष्यभर माणसांचा भार पेलला आहे. रागावलेला माणूस माझ्या कडेवर बसतो. दुःखी माणूस पाठ टेकतो. क्लिओफसनी हळूहळू पाठ टेकली. त्यांच्या काळजाची धडधड माझ्या पत्र्याला लागली, आणि मी चमकले. ही धडधड माझ्या ओळखीची होती. दारामागे फडक्यांशेजारी उभी असताना माझ्याही आत हीच चालू असायची. आपली जागा, आणि तिच्यावर दुसरे कोणीतरी.

मग ते बोलले, आणि त्यांचा आवाज बदललेला होता.

"आपला कोपरा राखणारा पोरगा घसरून पडला. त्यानं ज्याला धरायचं होतं तो मोकळा सुटला. लव्हॉन त्याच्यावर धावला. म्हणून त्याची स्वतःची जागा उघडी पडली, आणि चेंडू नेमका तिकडं आला."



"मी ते तिथल्या तिथंच पाहिलं होतं," क्लिओफस म्हणाले. "दुसऱ्याचं भगदाड बुजवायला गेला तो. बचाव म्हणतात तो हाच."

"हं," पाळकबाबा हळूच म्हणाले. "सांगा." लोक त्यांना प्रवचनात म्हणतात, अगदी तसेच.

"माझा मार्लिन असता तर आपल्या जागेवर उभा राहिला असता. आज त्याला कोणी नावं ठेवली नसती. पण तो तिथं नाहीच. दर शनिवारी मला ती जागा दिसते आणि तिच्यात दुसऱ्याचं पोर दिसतं. बचाव वाईट आहे म्हणून मी एवढा बोलत नव्हतो, सिस्टर. तो चांगला खेळतो, ते बघवत नाही."

कुणीतरी तोंड मिटूनच एक सूर धरला. दुसऱ्याने त्यात आपला मिसळला. मदर म्हणाल्या, "ऊठ आता. झालं."

क्लिओफस उठले. त्यांनी गादीवालीचे दोन्ही हात धरले, तिला उचलले आणि कढईपाशी नेऊन ओडेसाच्या मागे मांडले.

"सकाळपासून उभ्या आहात. बसा."

"मला नको तुमची खुर्ची."

"नका घेऊ. नुसतं बसा."

ओडेसाने पिशवीवरचा हात काढला. मग बसली. बुटातून पाय बाहेर काढले. "एक ताट भरा," ती म्हणाली. "त्याला शेपटीकडचा तुकडा आवडतो. तुम्हीच घेऊन जा. आणि आत्ता बोललात ते त्याला सांगा. असंच. मग पुढच्या रविवारचं बघते मी."

क्लिओफसनी ताट भरून वर दुसरे ताट झाकले. ते निघाले तशा मदर म्हणाल्या, "खुर्ची घे बरोबर. उभ्या उभ्या सांगितलंस तर अर्धं गाळशील."

अशी मी एका काखेत निघाले. दुसऱ्या हातात मासा. वळणावरून मी मागे पाहिले. छताच्या सावलीत ओडेसाने डोळे मिटले होते. तेव्हा मला पुन्हा एक कळ आली. माझ्यावर इतक्या माणसांनी इतके सांगितले, पण असे डोळे मिटून कोणी कधी विसावले नाही. ते मला जमायचे नाही. आणि लव्हॉनच्या ओसरीत उन्हात उघडून, त्या मुलासमोर मांडून घेणे तिला जमायचे नाही. क्लिओफस माझ्या कडेवर बसले. मग पाठ टेकली. ते काय बोलले ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी एवढेच सांगेन की ऐकता ऐकता लव्हॉनने ताटावरचे ताट काढले.

मित्रांनो, माझा मत्सर गेलेला नाही. तिच्या छताकडे पाहून मी अजून जळते. पण माझे एक मागणे आहे. मला ओल्या फडक्यांजवळ ठेवू नका. कोरड्या जागी ठेवा. माझ्या पायाच्या खिळ्यावर थेंबभर तेल सोडा. दमलेल्या माणसाला खुशाल गादीवर बसवा. मात्र कोणाच्या लेकराबद्दल वाईट बोलायची उबळ आली, तर तेवढ्यापुरते तिथून उठा आणि मला उघडा. मी तुम्हाला आरामात बसू देणार नाही. माझे काम तेच आहे.