पहिलं प्रकरण

"काकू, मुलाला नाही आणलंत?" क्लासच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"शिकायचंय मला," मावशी म्हणाल्या.

म्हशीनं चष्मा मागितल्यासारखं त्या मुलीनं पाहिलं आणि फॉर्म सरकवला. पहिलं लेक्चर फुकट, आवडलं तर पूर्ण फी एकरकमी. फी मावशींच्या तीन पगारांएवढी होती. ती भरायचा त्यांचा विचारच नव्हता.

रुग्णालयात बारा वर्षं त्या वॉर्डातल्या मावशी होत्या. दहावीला गणितात उडालेल्या. सहायक नर्सच्या प्रशिक्षणाला दहावी लागते, आणि वयाची अट याच वर्षी संपत होती. परीक्षा दीड महिन्यावर. ही संधी हुकली की निवृत्तीपर्यंत बेडपॅन उचलायचे, आणि काल आलेल्या पोरीनं सलाइन सांडून वर "मावशी, पुसा" म्हणून दरडावायचं.

क्लास तर कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले होते. बीजगणितात प्रकरणं सात, म्हणून एकेका फुकट लेक्चरात एकेक उरकायला मावशींनी क्लासही सात निवडले. पण हे लोक लबाडीत एका माळेचे मणी. फुकटात सगळे एकच शिकवत, दोन समीकरणं सोडवून एक्स आणि वाय काढायचे. सोपं, आणि आईबापांनाही कळल्यासारखं वाटतं. सातव्या क्लासपर्यंत मावशींना पहिलं प्रकरण तोंडपाठ झालं होतं, दुसऱ्याचं तोंडही दिसलं नव्हतं.

हा तो सातवा. सरांच्या खिशाला तीन पेनं होती, डोक्यात किती होतं ते लगेच कळलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं : एक्स अधिक वाय बरोबर दहा, एक्स वजा वाय बरोबर चार. मग ऐटीत वजाबाकी केली. एक्स गेला, वायही गेला, आणि खाली उरलं शून्य बरोबर सहा. सर त्याकडे बघत राहिले.

"सर, वजा करताना खालची चिन्हं बदलतात," मावशी म्हणाल्या. "दोन वाय बरोबर सहा. वाय तीन, एक्स सात."

सरांनी कोडगेपणानं टाळ्या वाजवल्या. "बघा, पहिल्याच लेक्चरमध्ये काकूंना जमलं!" तीन पालकांनी तिथल्या तिथे फी भरली. पोरांना आईबाप असावेत तर असे शहाणे.

नंतर सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "रोज पुढच्या बाकावर बसा. मी चुकेन, तुम्ही सुधारा. कुणी विचारलंच तर आजच आले म्हणायचं. पुढची प्रकरणं तुम्हाला फुकट."

मावशींना त्यांची किळस आली. तरी त्या हो म्हणाल्या, आणि मग थोडी स्वतःचीही आली.

पुढची प्रकरणं शेजारच्या खोलीत शिकवत, नेमकी याच वेळेला. "पुढच्या आठवड्यात तुमची वेळ बदलू," असं सर तीन आठवडे म्हणाले. प्लायवूडच्या भिंतीतून वर्गसमीकरणं अर्धीमुर्धी ऐकू येत. मावशी वहीच्या मागच्या पानावर ती तशीच उतरवून घेत.

एके दिवशी शेजारी शिवणकाम करणारी एक बाई येऊन बसली. बोटांना सुयांच्या खुणा, मांडीवर पर्स. मावशींनी सरांची चूक सुधारली तेव्हा ती कुजबुजली, "मलाच शिकायचंय हो. तुम्हाला किती दिवसांत जमलं?"

फळ्याजवळून सर गोड हसत बघत होते.

"सात क्लास आणि वर तीन आठवडे," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आणि एवढं एकच प्रकरण येतं मला. ते हवं तर मी शिकवीन तुम्हाला. पैसे आत ठेवा."

पर्स बंद झाली. मागे आणखी दोघंजण उठले.

"बाहेर व्हा," सर म्हणाले. आता 'काकू'ही म्हणाले नाहीत.

मावशींनी वही उचलली. बोळात शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं आणि समोरच्या फळ्यावर एक वर्गसमीकरण चाललं होतं, पूर्ण, वरपासून. मावशींनी भिंतीला वही टेकवली आणि उतरवायला लागल्या. तीन ओळी झाल्या. चौथी ओळ फळ्यावर सुरू होत होती, तेवढ्यात शिपायानं येऊन आतून दार लावून घेतलं.

ड्यूटी दोनची होती. त्यांनी तीन ओळींखाली थोडी जागा कोरी सोडली आणि वही मिटली.