सरकार विरुद्ध एक निळा ट्रक

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे आणि मी गुन्हेगार आहे. हसू नका. कोर्टाच्या कागदावर आरोपी म्हणून माझंच नाव आहे: 'सरकार विरुद्ध एक निळा पिकअप ट्रक'.

कारखान्यातून निघालो तो ओक्लाहोमातल्या पिकेट्स बेंड गावी, ऑर्विल टॅकेट नावाच्या नालबंदाकडे आलो. माझ्या पाठीवर त्याची ऐरण आणि भट्टी असे. तबेल्यातबेल्यांत जाऊन तो घोड्यांचे खूर तासायचा, नाल ठोकायचा. खुरांची कात्रणं माझ्या सीटखाली साचत. कुत्र्यांना ती फार आवडतात, म्हणून गावातली झाडून सगळी कुत्री माझ्यामागे धावत.

"आली बघा ऑर्विलची वरात!" लोक म्हणत. मला ती वरात आवडायची.

एका सकाळी वेल्डनच्या खाणावळीसमोर शेरीफने, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाने, आम्हाला थांबवलं. त्याच्या कुत्र्याने सीटखाली तोंड खुपसलं आणि भुंकून रस्ता डोक्यावर घेतला.

"कुत्रं खोटं बोलत नाही. गाडीत अमली माल होता," शेरीफ म्हणाला.

"अहो शेरीफसाहेब, खुरांची कात्रणं आहेत ती!"

सापडलं काहीच नाही. ऑर्विलवर गुन्हाही दाखल झाला नाही. पण मी जप्त झालो, ऐरणीसकट. इथे गाडीवर खटला भरता येतो, आणि गाडीला बोलता येत नाही.

मला ओढून नेत होते तेव्हा ऑर्विल खाणावळीच्या दाराकडे वळला. "वेल्डन, तुझं कुत्रं रोज या सीटखाली घुसतं. कोर्टात येऊन एवढंच सांग. माझं पोट आहे रे यावर."

"कोर्टात? आणि गिऱ्हाइकं कोण बघणार?" वेल्डन हात पुसत म्हणाला. "शिवाय शेरीफ उगाच कशाला धरेल? काहीतरी असेलच की."

तारखेला गावातलं कोणी फिरकलं नाही. मी हरलो.

आता माझा रंग पांढरा आहे, दारावर शेरीफचा सोनेरी तारा आहे. मला रोज धुतात. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत मी सर्वांत पुढे होतो. माझ्या पाठीवर उभा राहून वेल्डन चॉकलेटं उधळत होता. तेवढ्यात गल्लीबोळांतून कुत्री धावत आली आणि माझ्यामागे लागली. वेल्डनचा उधळणारा हात थांबला. कुत्री कशाला धावली ते प्रत्येकाला कळलं होतं. मग कोणीतरी हसलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

ऑर्विल फूटपाथवर उभा होता. शेजारच्या बाईने त्याला कोपराने ढोसलं. "वाजव की टाळ्या, शेरीफ बघतोय."

त्याने वाजवल्या. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला इतकं कोणी कधीच जपलं नव्हतं. पण तुमच्या डोळ्यांदेखत कोणाची गाडी ओढून नेली, तर जे पाहिलंत तेवढं जाऊन सांगा. मला एकच वाक्य हवं होतं. ते गावातल्या प्रत्येकाला येत होतं, आणि बोलली फक्त कुत्री.