मी चंदेरी होणार नाही

मी एक जुनी गाडी आहे आणि माझा रंग गेलेला नाही. मित्रांनो, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण माझ्याबद्दल बोलणारे बहुतेक लोक नेमकी उलटी सुरुवात करतात. माझा रंग डाळिंबी आहे. गुलाबी नव्हे, विटकरीही नव्हे. डाळिंब फोडून एक दाणा उन्हात धरा, तो रंग माझा.

माझा जन्म मद्रासच्या वेशीवरच्या एका कारखान्यात झाला. तो कारखाना कधीच बंद पडला, शहराचं नावही बदलून चेन्नई झालं, मी मात्र आहे. आमच्या काळी गाड्यांना रंग देण्याची रीत वेगळी होती. आजच्या गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक लेप असतो. ऊन, धूळ, कावळ्यांची घाण, सगळं आधी तो लेप झेलतो. मला असा कुणी रखवालदार मिळाला नाही. माझा रंग हीच माझी कातडी, जे झेलायचं ते तिनेच.

आणि तिने झेललं. मैलापूरमधल्या तुळजाजींच्या घरापुढे, उघड्या अंगणात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात मी वर्षानुवर्षं उभी राहिले. तुळजाजी बंदराच्या कचेरीत काम करत. त्यांचं घराणं तंजावरकडचं. घरात मराठी बोलतात, पण ती अशी, की सांगलीकडून आलेल्या माणसाला तेच वाक्य दोनदा ऐकावं लागतं. दर रविवारी सकाळी ते वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, गुडघ्यापर्यंत दुमडून मला धूत. रस्त्याने जाणारे थांबून विचारत, "नवी घेतलीत का?" तुळजाजी काही न बोलता फक्त फडकं पिळत. तो त्यांचा गर्व होता, आणि माझाही.

मग ते निवृत्त झाले. पुढे त्यांचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. रविवारची अंघोळ आधी महिन्याची झाली, मग सणासुदीची. चेन्नईचं ऊन मात्र रोज येत राहिलं. रंगाचे कण एका राळेने बांधलेले असतात. ऊन ती राळ वरून तोडत जातं. मग कण मोकळे होतात आणि अंगावर खडूसारखी भुकटी साठते. लोकांना ती भुकटी दिसली. भुकटीखाली काय आहे ते पाहण्याची तसदी कुणी घेतली नाही.

दोन हजार सहा सालच्या कडक उन्हाळ्यात त्यांचा मुलगा सुधींद्र एक रंगांचं कार्ड घेऊन अंगणात आला. तो सिरुसेरीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. त्याने माझ्या दारावर बोट ओढलं आणि ते वडिलांपुढे धरलं. बोट गुलाबी झालं होतं.

"अप्पा, पाहा. पेंट मेला हा. तुमच्या भीमरथ शांतीस मी हिला पूर्ण पेंट करून देतों. माझं गिफ्ट. मेटॅलिक सिल्व्हर! एकदम न्यू लुक."

भीमरथ शांती म्हणजे सत्तरी पुरी झाल्यावरचा विधी. सगळे नातेवाईक जमणार होते. मुलगा प्रेमाने देत होता, आणि प्रेमाने दिलेल्या गोष्टीला नाही म्हणणं किती कठीण, ते मी तुळजाजींच्या चेहऱ्यावर वाचलं. ते कार्ड उलटसुलट करत राहिले. सगळ्या छटा चंदेरीच्याच होत्या.

"ही डाळिंबी आहे रे," ते हळूच म्हणाले.

"होती, अप्पा."

त्या 'होती'चा मला जो संताप आला, तो इंजिनात उतरला असता तर मी चावीशिवाय सुरू झाले असते. नवा रंग द्यायचा तर जुना आधी पत्र्यापर्यंत घासून काढतात. माझी कातडी सोलायची, तीही भेट म्हणून! मी म्हातारी असेन, पण मी मेले नव्हते.

माझ्या बाजूने बोलायला उभी राहिली ती ऋजुता. ती मूळची सांगलीची, रसायनशास्त्र शिकलेली. अंबत्तूरच्या एका रंगांच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची आणि तुळजाजींच्या माडीवर भाड्याने राहायची. ती जिन्यावरून उतरत होती. तिने विचारलंही नाही, रुमाल ओला केला, माझ्या बॉनेटचा कोपरा जोर लावून पुसला आणि म्हणाली, "सुधींद्रदादा, हे बघा. खाली रंग जिवंत आहे. मेलाय तो वरचा पापुद्रा."

"मग? पॉलिश करशील. दोन महिने चमकेल, मग पुन्हा व्हाइट."

"पॉलिश केलं आणि तसंच सोडलं, तर होईल. पॉलिश घासून काढतं. त्याच्यावर रक्षणाला काहीतरी चढवायला हवं. मेण तरी, नाहीतर सीलंट."

"प्रूफ दे," सुधींद्र म्हणाला. "शांतीपर्यंत टिकलं तर सिल्व्हर कॅन्सल."

झालं. माझ्या कातडीचा खटला उभा राहिला, आणि पुरावाही मीच.

एका सकाळी, ऊन चढायच्या आत, ऋजुताने मला धुतलं. मग स्टुलावर चढून टपापासून डिकीपर्यंत अगदी सौम्य पॉलिशने पुसून काढलं. फडकं लालेलाल झालं. ते पाहून तुळजाजींच्या बायकोने, अन्नपूर्णाबाईंनी, तोंडावर हात ठेवला.

"अय्यो! रंग सगळा गेला की ग!"

"काकू, हा गेलेलाच होता. मी फक्त उचलला."

मग तिने माझ्या बॉनेटवर कागदी पट्ट्या चिकटवून चार चौकोन आखले. एकावर डबीतलं मेण लावलं. ते दूरदेशीच्या एका ताडाच्या पानांवरून खरवडून काढतात. त्याची चमक खोल असते. दुसऱ्यावर बाटलीतलं सीलंट, म्हणजे कारखान्यात बनवलेलं रसायन. त्याची चमक थोडी कोरडी, पण पकड घट्ट. तिसऱ्यावर काय लावायचं याचा निकाल अन्नपूर्णाबाईंनी दिला.

"खोबऱ्याचं तेल लाव. अस्की चमकतें तेनं." अस्की म्हणजे सगळं.

ऋजुताने वाद घातला नाही. तेल लावलं. चौथा चौकोन मात्र तिने कोरा सोडला.

"आणि हेस?" तुळजाजींनी विचारलं.

"त्याला काही नाही, काका. एक कोरा ठेवावाच लागतो. नाहीतर बाकीच्यांनी काय काम केलं ते कळणार कसं? सगळे एकाच पत्र्यावर, एकाच उन्हात हवेत."

"तेचा काय अपराध?"

ती हसली. तिला वाटलं, काका गंमत करताहेत. मला माहीत होतं, ते गंमत करत नव्हते.

खरं सांगते, मलाही ते आवडलं नव्हतं. बॉनेट मी काही वहीचं पान म्हणून मिरवत नाही. पण पट्ट्या काढताना ऋजुता प्रत्येक चौकोनाच्या कडेला बोट लावून पाहत होती, लेप वाळला का, बोटाला ओढ लागते का. तुळजाजी म्हणाले, जाड लाव, जाड लावलं की जास्त टिकेल. ती म्हणाली, "नाही काका. पत्रा धरेल तेवढंच धरतो. जास्तीचं सगळं फडक्यावर येतं." एवढ्या नीटपणे मला कुणी कधी वागवलं नव्हतं. म्हणून मी अपमान गिळला. टप, दारं, डिकी, सगळं तिने पॉलिश करून कोरंच ठेवलं, आणि डबी-बाटली ओसरीच्या फळीवर ठेवून दिली.

तेलाचा निकाल सर्वांत आधी लागला. आठवड्याभरात त्या चौकोनावर धूळ चिकटून काळपट पापडी झाली आणि शेजारच्या मांजरीने तिच्यावर पावलं उमटवली. अन्नपूर्णाबाईंना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तेल चांगलं आहे. मांजर वाईट."

बाकीचे आम्ही तापत राहिलो. दुपारी माझ्या बॉनेटवर अप्पळम, म्हणजे तिकडचा पापड, भाजता आला असता. ताडाचं मेण अशा उन्हात मऊ पडतं आणि हळूहळू उडून जातं, हे ऋजुताला पुस्तकातून माहीत होतं, मला अंगावरून.

शांतीला थोडे दिवस राहिले, तेव्हा सुधींद्र निकाल पाहायला आला. ऋजुताने तांब्यातलं पाणी बॉनेटवर शिंपडलं. सीलंटच्या चौकोनावर पाण्याचे टपोरे, गोल मणी उभे राहिले. मेणाच्या चौकोनावर ते चपटे होऊन पसरले. तो लेप थकला होता. आणि कोऱ्या चौकोनावर?

मणी. सीलंटच्याही वर मान काढणारे, सुबक मणी.

ऋजुताने पुन्हा पाणी टाकलं. वाकून बाजूने पाहिलं. तिचे कान लाल झाले. "असं होऊच शकत नाही," ती पुटपुटली.

"म्हणजे काही न लावतांही टिकतें?" सुधींद्र म्हणाला. "मग तुझं प्रूफ काय? एकतर मेण फालतू, नाहीतर टेस्ट फालतू."

तुळजाजी खांबाला टेकून उभे होते. त्यांनी घसा खाकरला.

"मी लावत होतों."

"काय?"

"मेण. तेस. चौघांतल्या तिघांस वाढायचं आणि एकास पानावर उपाशी बसवायचं? आमचे घरीं असं होत नाही, पोरी. दर दोन-चार दिवसांनीं थोडं लावत होतों. तू सांगितलंस तसंच, पातळ."

"काका!" ऋजुता जवळजवळ रडकुंडीला आली. "तो कोरा होता म्हणून तर त्याला अर्थ होता! बरं, दारं? दारांना तरी हात लावला नाहीत ना?"

"दारांसही लावलं."

"डिकी?"

"डिकीस पण."

"आणि तेल?"

"तेस हात लावला असता तर हिनं मज जेवू घातलं नसतं."

सुधींद्रने कार्ड खिशातून काढलं. त्या चंदेरी छटा मला उन्हात दिसल्या. मित्रांनो, तेव्हा मला कळलं, की मला भीती वाटते आहे. मला प्रेमाने वाढणाऱ्या हातानेच माझा पुरावा पुसला होता.

पण ऋजुता एकदम थांबली. तिने वर पाहिलं. "काका, टप?"

तुळजाजींनी उजवा हात उचलून दाखवला. तो छातीपाशीच थांबला. "टपास हात कुठं पोचतो माझा?"

तिने धावत जाऊन स्टूल आणलं. "दादा, चढा. टपाला मी त्याच सकाळी, त्याच पॉलिशने पुसलं होतं. त्यानंतर त्याला कुणीही काहीही लावलेलं नाही. टपाला ऊन थोडं जास्त लागतं, हे मी मान्य करते. बॉनेटला खालून इंजिनची उष्णता लागते, हे तुम्ही मान्य करा. आता बोट फिरवा."

सुधींद्रने टपावर बोट ओढलं. बोट गुलाबी झालं. मग उतरून त्याने तेच बोट पुसून सीलंटच्या चौकोनावर ओढलं. स्वच्छ. दारावर ओढलं. स्वच्छ. दारात त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता, डाळिंबी झालेला.

"सरि, ठीक," तो शेवटी म्हणाला. "बाकी राहूं दे. पण वरचा टप तरी सिल्व्हर करूं या? टू-टोन. फॅशन आहे आतां."

"चांदी माझ्या डोईवर आहे तेवढी पोदुम, पुरे," तुळजाजी म्हणाले. "तिच्या डोईवर नको."

अन्नपूर्णाबाई आधी हसल्या, मग ऋजुता. सुधींद्रही हसला, पण ओशाळून. "मग मी गिफ्ट काय देऊं, अप्पा?"

तुळजाजींनी ओसरीच्या फळीवरच्या डबी-बाटलीकडे बोट दाखवलं. "माझा हात पोचत नाही तिथं तुझा पोचतो."

शांतीच्या आदल्या रविवारी सुधींद्र वडिलांची वेष्टी नेसून स्टुलावर चढला. संगणकावर बसणाऱ्या माणसाला वेष्टी सांभाळत गाडी पुसणं जमत नाही. ती दोनदा सुटली आणि अन्नपूर्णाबाईंनी दोनदा नजर वळवली. ऋजुता खालून सूचना देत होती. उन्हाचा मारा सपाट अंगावर असतो, म्हणून टपाला आणि बॉनेटला सीलंट. दारांना मेण, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याला दारं दिसतात आणि खोल चमक मेणाचीच. कोरा चौकोन आता कुठेच नव्हता. तुळजाजी खाली खुर्चीत बसून दाराचा खालचा भाग पुसत होते. वर मुलगा, खाली बाप, मध्ये मी.

शांतीला नातेवाईक जमले. कुणीतरी विचारलंच, "नवी घेतलीत का?" तुळजाजींनी या वेळीही उत्तर दिलं नाही. ओलं फडकं हातात नव्हतं, म्हणून त्यांनी उपरणंच पिळलं.

मित्रांनो, तुमच्याही अंगणात एखादी वस्तू उभी असेल, तिचं सगळं संपलं असं घरात कुणी म्हणत असेल. तिला सोलायच्या आधी एक कोपरा ओल्या फडक्याने जोर लावून पुसा. खाली रंग निघाला, तर पातळ हाताने त्याच्यावर काहीतरी चढवा, आणि ऊन जसं न चुकता येतं तसे तुम्हीही न चुकता या. त्यातही तुमच्या घरच्या थकलेल्या हाताला जो भाग पोचत नाही, तो आधी घ्या.

आणि मला पाहायला आलात, तर माझ्या रंगाची कीव करू नका. शंका असेल तर टपावर बोट ओढून पाहा. स्टूल ओसरीवरच असतं.