कर्नाटकचा काळ

मैंदर्गीच्या बसूला टीव्हीवर 'कर्नाटकचा काळ' केला, तो काही त्याच्या ताकदीमुळे नव्हे. कुस्तीच्या कार्यक्रमाला एक खलनायक हवा होता, आणि सगळ्या पैलवानांत घरी कानडी बोलणारा हा एकच सापडला. मैंदर्गी महाराष्ट्रातच आहे, हे सांगायला तो गेला होता. दिग्दर्शक म्हणाला, "ते प्रेक्षकांना कशाला सांगायचं?" गरजवंताला अक्कल नसते. बसूनं मान डोलावली.

मग काय, तो कॅमेऱ्यासमोर कानडीत शिव्या द्यायचा, लोक त्याच्या नावानं शंख करायचे, आणि शेवटी ठरल्याप्रमाणे कार्यक्रमाचा नायक ऋतुराज त्याला लोळवायचा. घरी मात्र तो हा कार्यक्रम लावूच देत नसे. कुस्ती आधी ठरलेली असते, हे आईला सांगायची त्याला लाज वाटायची.

अंतिम लढत सोलापुरात होती. त्याची आई चंद्रव्वा हट्टानं आली. लेकाची कुस्ती बघायची म्हणून ठेवणीतलं इरकल नेसून, पहिल्या रांगेत.

ठरल्या वेळी बसू पाठीवर पडला, ऋतुराज छातीवर बसला, पंच आकडे मोजू लागला. तेवढ्यात अव्वाचा आवाज आला, "एळो, बसू! एळो, मगा!"

पोराला ऊठ म्हणत होती बिचारी, दुसरं काय? पण गर्दी तिच्यावर उलटली. "ए म्हातारे, गप! कर्नाटकात जा!" ओरडणाऱ्यांतले निम्मे घरी बायकोशी कानडीतच भांडतात, पण गर्दीत शिरलं की माणूस आईलाही ओळखत नाही. कुणीतरी तिच्या अंगावर पाण्याची बाटली फेकली.

बसूनं ते पाहिलं. ऋतुराज कानाशी पुटपुटला, "पडून ऱ्हा, बसू. उठलास तर दोघांचंबी काम जाईल." त्याला झटकून उठायचं बळ बसूच्या अंगात होतं. तो पडून राहिला.

दिग्दर्शक खूश. "आजी झकास! पुढच्या वेळी आईलाही घेऊ," म्हणाला. बसूला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. त्यानं नुसती मान डोलावली.

परतताना एसटीत बसूनं हळूच कानडीत विचारलं, "अव्वा, लागलं का गं?"

चंद्रव्वानं आधी मागंपुढं पाहिलं. मग पदर तोंडाशी धरून, बाजारात भाजीवालीशी बोलायची तसल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मराठीत बोल की, बाबा. लोक हाय."

जन्मात पहिल्यांदा ती लेकाशी मराठीत बोलली, आणि तेही भीत भीत.