चौदा जिवांची यादी

समुद्र घाट चढत नाही, असं नलवडे सरांनी चंदनबाला चौगुलेला दोनदा सांगितलं. एकदा तिचा अर्ज घेताना आणि एकदा तो परत करताना. सर प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि ती त्याच विभागात सहा वर्षं शिकवत होती. अर्जात मागितलं होतं ते फार नव्हतं. लॅबच्या पूर्वेकडच्या खिडकीखालचं टेबल तिला हवं होतं. त्यावर खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून समुद्रातले प्राणी मुलांना जिवंत दाखवायचे होते.

समुद्र सांगलीच्या त्या लॅबमध्ये होताच, पण फॉर्मालिनच्या बाटल्यांत. एका बाटलीत समुद्रफूल होतं. खडकाला चिकटून फुलासारखा उमलणारा हा प्राणी त्या बाटलीत भिजलेल्या बुचासारखा दिसे. मुलं त्याचं चित्र काढत, रंग पुस्तकातला भरत आणि पास होत. त्या बाटल्या सरांनी तरुणपणी स्वतः मालवणहून आणलेल्या, त्यामुळे त्यांना नावं ठेवलेली सरांना खपत नसत. चंदनबालानं नावं ठेवली नव्हती. रंग पुस्तकातून घ्यावा लागतो हे काही बरं नाही, एवढंच ती म्हणाली होती.

"घरी करून बघा, बाई," सर म्हणाले. "तीन महिने जगवून दाखवा. जगले तर टेबल तुमचं. मेले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"लेखी द्याल?"

सर हसले आणि त्यांनी त्या अर्जाच्याच मागच्या बाजूला दोन ओळी लिहून सही केली. तारीख नोव्हेंबर त्र्याहत्तरची होती. चंदनबालानं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. हसण्यासारखं त्यात काय आहे हे तिला कळलं नाही.

टाकी गवंड्याकडून करून घेतली. लोखंडी चौकट मिठानं गंजणार, म्हणून तीन बाजू आणि तळ शहाबादी फरशीचा आणि समोर तेवढी जाड काच. सांधे डांबरानं भरले. महिनाभर नुसतं पाणी भरून आणि बदलून ती धुतली, आणि मग घराच्या पुढच्या सोप्यात, सकाळचं ऊन येतं तिथं ठेवली. पाण्यात हवा खेळती ठेवायला मुंबईहून एक छोटा पंप आला. वीज जाई तेव्हा ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब कामाला येई. तिला दवाखान्यातल्या सलाईनची नळी जोडली होती आणि नळीवरच्या चाकानं बुडबुडे कमीजास्त करता येत. ही युक्ती तिची, ट्यूब नवऱ्याच्या दुकानाची.

बाळगोंडाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, हळदीचं दुकान होतं. त्याचा ट्रक आठवड्यातून एकदा रत्नागिरीला जाई. ड्रायव्हर बिराप्पा जतचा. येताना पाण्याचे कॅन भरून आणायचे, किनाऱ्यापासून लांब, होडीतून जाऊन, हे ऐकल्यावर त्यानं हातातला कॅन खाली ठेवला.

"वैनी, आमच्या जतला टँकर दिसला की बायका घागरी घिऊन पळत्यात," तो म्हणाला. "आन् मी डिझेल जाळून घाटातनं खारं पाणी वर आनायचं? ह्ये जतला कळलं तर माझं लगीन मोडंल."

"तुझं लग्न होऊन सात वर्षं झाली."

"त्येच म्हन्तो. झाल्यालं मोडंल."

पण त्यानं आणलं. अमावास्येच्या ओहोटीला चंदनबाला स्वतः त्याच्याबरोबर गेली, गुडघाभर पाण्यात उतरली आणि उघड्या पडलेल्या खडकांतून सतरा जीव निवडले. तीन पट्टेरी मासे, शंखात राहणारे चार खेकडे, दोन समुद्रफुलं, तीन गोगलगायी, नळीत राहणारे दोन किडे, हिरव्या गुच्छांनी मढलेले दोन दगड आणि लिंबाएवढं एक जिवंत प्रवाळ. गुच्छ दिसायला फुलांचे, पण तेही प्राणीच. प्रत्येक दगड तिनं एकेक करून यादीत धरला.

निवडताना तिला एक अट पाळायची होती. अट सासूबाईंची. चंपाबाई ओट्यावरून उतरताना मुंगी चुकवून पाय टाकणाऱ्या. पाणी दुहेरी फडक्यानं गाळल्याशिवाय त्या चूळसुद्धा भरत नसत, आणि फडक्यात अडकलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडत. सून टाकी आणणार हे कळल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. जीव कोंडायचं हे काम त्यांच्या मनाला पटत नव्हतं, आणि देवळातल्या बायका काय बोलतील तेही त्यांनी सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "समुद्रातनं काढलंस ते पाप कुणाचं?"

"माझं, आत्ती," चंदनबाला म्हणाली. "कॉलेजात वर्षाला साठ बेडूक कापतो, तेही माझंच आहे. हे तरी जगवायचं आहे."

चंपाबाईंनी एवढंच सांगितलं की घरात मांसाचा कण येणार नाही. म्हणून उजेडावर, शेवाळावर आणि पाण्यातल्या कणांवर भागेल असेच प्राणी चंदनबालानं आणले. माशांना बेसनाच्या गोळ्या आणि वाळवलेला पालक.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात समुद्रफूल उमललं. रंग कुठल्याच पुस्तकात नव्हता. विटकरी देठ, त्यावर राखी-जांभळे हात, आणि टोकाला जेमतेम दिसेल एवढा हिरवा. चंदनबालानं तो रंग वहीत शब्दांनी लिहिला आणि त्या दिवशी तिला कॉलेजला पोचायला उशीर झाला.

चंपाबाई आधी लांबूनच बघायच्या. मग पाट घेऊन बसायला लागल्या. खेकडा जुना शंख सोडून नव्या शंखात शिरला ते पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं आणि आल्यागेल्याला सांगितलं. देवळातल्या कुणीतरी त्यांना विचारलं, सुनेनं घरात कोळीवाडा केला म्हणे. चंपाबाई म्हणाल्या, केला, या बघायला. नवीन पाणी आलं की गाळायचं कामही त्यांनी आपल्याकडे घेतलं. फडक्यातले जीव टाकीत सोडायच्या, कारण ते त्याच समुद्रातले. चंदनबालाच्या लक्षात आलं की त्यामुळे नळीतले किडे जास्त वेळ बाहेर राहतात. त्यांना आयतं जेवण मिळत होतं. तिनं हेही वहीत लिहिलं, सासूबाईंच्या नावानं.

मार्चमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला तिला आठ दिवस कराडला जावं लागलं. जाताना तिनं कागदावर सगळं लिहून ठेवलं. काचेवर रेघ मारली होती. पाणी उडून रेघेखाली गेलं तर गोडं पाणी घालायचं, कारण मीठ उडत नाही. आठवड्याच्या मध्याला दोन कॅन पाणी बदलायचं. बेसन चिमूटभर. कागद दोन पानी होता आणि तिला तो पुरा वाटला.

ती परत आली तेव्हा टाकीत तीन मासे फिरत होते. बाकी काहीच हलत नव्हतं. समुद्रफुलं तळाशी पडून विरघळायला लागली होती. खेकडे शंखांतून अर्धे बाहेर लोंबत होते. प्रवाळाचा नुसता पांढरा खडा उरला होता.

चंदनबालानं बॅग खाली ठेवली आणि मोजायला सुरुवात केली. पाण्याचा खारटपणा बरोबर. तापमान बरोबर. आम्लता बघायचा कागद नेहमीच्याच रंगाचा झाला. पंप चालू. मासे ठणठणीत, आणि ज्यांना पाठीचा कणा नाही ते सगळे मेलेले. एवढं नीट निवडून मारणारं काय असेल, याचं उत्तर तिला येत होतं. फक्त ते घरात कुठून आलं हे कळत नव्हतं.

मग तिनं सोप्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं तांब्याचा मोठा हंडा होता, चिंचेनं घासून लखलखीत केलेला, तोंडाला फडकं बांधलेलं. तळाशी चार बोटं समुद्राचं पाणी उरलं होतं आणि त्याच्या काठाला हिरवी कड धरली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यातलं परीक्षानळीभर पाणी रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये नेलं. फेरोसायनाइडचे थेंब टाकल्यावर ते विटकरी झालं. तांबं. खाऱ्या पाण्यात ते चटकन उतरतं. माशांना तेवढं सोसतं, बाकीच्यांना नाही.

चंपाबाईंना सांगायचं की नाही, हा प्रश्न तिला घरी येईपर्यंत पुरला. सांगितलं नसतं तर चाललं असतं. पण मग हंडा पुन्हा भरला गेला असता.

तिनं पाटाजवळ बसून सगळं सांगितलं. प्लास्टिकच्या कॅनला वास येतो म्हणून चंपाबाईंनी पाणी हंड्यात काढलं होतं. गाळून, रात्रभर निवळू दिलं होतं. पाणी उडून कमी झालं तेव्हा घातलेलं गोडं पाणीही त्यातलंच होतं. देवाला लागतं तेच भांडं त्यांनी टाकीसाठी घेतलं होतं.

"किती?" चंपाबाईंनी विचारलं.

"चौदा."

चंपाबाईंनी उरलेले मासे मोजले. डोळ्यांना पदर लावला नाही.

"तू लिहून ठेवलं न्हाईस."

"नाही. माझी चूक."

"मी बी इचारलं न्हाई. कागद वाचला आन् म्हटलं, हिला भांड्यातलं काय कळतंय." त्या उठल्या. "तूप सोडलं मी. पुन्हा जगतील तवाच खाईन. आन् ती तुझी मेलेल्यांची यादी असंल, तीत माझं नाव घाल."

ठरलेल्या दिवशी नलवडे सर घरी आले. चहा झाला आणि सर टाकीपुढे उभे राहिले. पट्टेरी मासे काचेपर्यंत आले, कारण त्यांना बेसन मिळेल असं वाटलं.

"जगले की हो," सर म्हणाले, आणि त्यांना खरोखरच आनंद झाला होता. "टेबल तुमचं, बाई. पुढच्या महिन्यात विद्यापीठाची कमिटी येतेय. सांगलीत समुद्राचे मासे, त्यांना लिहावंच लागेल."

"तीन जगले, सर. चौदा मेले."

सरांनी हात हलवला. मेलेल्यांचं कोण विचारतंय, असं ते म्हणाले.

"मी विचारतेय," चंदनबाला म्हणाली, आणि तिनं हंड्याची सगळी हकीगत सांगितली.

"तांबं त्यांना विष असतं हे पुस्तकात आहेच की."

"पुस्तकात आहे. पण आपल्याकडे घरातलं सगळ्यात चांगलं भांडं तांब्याचं असतं, हे त्या पुस्तकाला माहीत नाही. उद्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी कुणी टाकी केली तर तोही हंडाच घासून घेईल. टेबल मी घेते, सर. तुम्ही आत्ता दिलंत. पण टाकीशेजारी यादी लागेल. कोण मेलं आणि कशानं."

"लॅबमध्ये? कमिटीसमोर? घरातल्या चुका?"

"पाणी मी ओतलं, सर," दारातून चंपाबाई म्हणाल्या. त्या परक्या पुरुषांपुढे सहसा बोलत नसत. "माझं नाव लिव्हायचं तर तुमाला का जड जातंय?"

सोमवारी बघू, असं काहीतरी पुटपुटत सर चपला घालून निघाले.

सोमवारपर्यंत जुनी वाळू आणि पाणी फेकलं गेलं, आणि फरशी सात वेळा धुतली गेली. सोमवारी सकाळी हळदीच्या पेठेतले सहा हमाल हातगाडीवरून टाकी घेऊन कॉलेजात आले. मागून बिराप्पा नवीन पाण्याचे कॅन आणि बादलीतले मासे सांभाळत आला. फाटकावरच्या शिपायानं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, "समुद्र हाय, बाजूला हो."

टेबल बाटल्यांनी भरलेलं होतं. चंदनबालानं त्या स्वतः एकेक उचलून कपाटात लावल्या, लेबलं समोर येतील अशा. टाकी बसली. पाणी भरलं. मासे सोडले. खडक अजून उघडेच होते. त्यांच्यावर राहणारे पुढच्या अमावास्येला येणार होते. मग तिनं शेजारच्या भिंतीवर कागद चिकटवला. चौदा ओळी, प्राण्याचं नाव, आणल्याची तारीख, मेल्याची तारीख. खाली लिहिलं होतं, कारण: तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं पाणी. चूक: चंदनबाला चौगुले, चंपाबाई चौगुले.

बी.एस्सी.च्या वर्गातली मुलं दारात गोळा झाली होती तेवढ्यात सर आले. त्यांनी टाकी पाहिली, मग कागद पाहिला.

"कमिटी येईपर्यंत तरी हे काढून ठेवा," ते हळू आवाजात म्हणाले.

"यादी काढायची तर टाकीही न्यावी लागेल, सर," चंदनबाला म्हणाली. तिचाही आवाज वर गेला नाही. "हमाल अजून फाटकात आहेत. मी त्यांना थांबायला सांगितलंय."

सरांनी चष्मा पुसला, हात मागे बांधले आणि परीक्षेचा पेपर वाचावा तसा तो कागद वरून खाली वाचायला सुरुवात केली. नवव्या ओळीवर ते थांबले.

"प्रवाळापुढे मेल्याची तारीख नाही."

"मी कराडला होते. बाकीचे कधी मिटले, कधी हलायचे थांबले ते सासूबाईंना आठवत होतं. प्रवाळ हलतच नाही, ते कुठल्या दिवशी गेलं ते नक्की कळलं नाही. अंदाजानं लिहायचं नव्हतं."

"हं," सर म्हणाले. उरलेल्या पाच ओळीही त्यांनी वाचल्या. मग शिपायाला बोलावलं आणि फाटकातल्या हमालांना जायला सांग म्हणाले.